बटण सोडायला शिकलो, पण तीस वर्षं उशिरा



या पानावर मी लागण, पाणी, खत, हुमणी असलंच लिहीत असतो. आज एका व्हिडिओ गेमवर लिहितोय. त्रेपन्न वर्षांच्या माणसानं असलं लिहावं का, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. शेवटी गाडी उसावर आणि जमिनीवरच येणार आहे. पण आधी गेम नीट सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गेमचं नाव एक्साइटबाइक. मोटारसायकलच्या शर्यतीचा. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं नोव्हेंबर १९८४ मध्ये काढला. ज्यांचा मारिओ पुढं जगभर गाजला, त्या शिगेरू मियामोतो यांनीच हा बेतलेला. तिकडं तो फॅमिकॉम नावाच्या यंत्रावर चालायचा. यंत्र टीव्हीला जोडायचं, वर कॅसेट खोचायची. आपल्याकडं अस्सल यंत्र फार थोड्यांनी बघितलं. आपल्याकडं आल्या त्या नकला. कॅसेटवर हजारो गेम आहेत असं छापलेलं असायचं, आणि आत तेच पंधरा-वीस फिरून फिरून यायचे. त्यात एक्साइटबाइक बहुतेक असायचाच.

मी तो पहिल्यांदा खेळलो १९९३ च्या गळीत हंगामात. दहावीनंतर शाळा सोडून शेतात लागलो होतो. बावीस वर्षांचा होतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस घेऊन कारखान्यावर जायचो. काट्यावर नंबर लागायला कधी सहा तास, कधी अख्खी रात्र. यार्डात गाड्यांची रांग, थंडी, आणि करायला काही नाही. कारखान्याच्या चौकात एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दोन टीव्ही, चार रिमोट, आणि अर्ध्या तासाला दोन रुपये. आत सगळी शाळकरी पोरं. त्यांच्यात मी पाचटाचं कुसळ अंगाला लागलेला दाढीवाला गडी. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नाही वाटली.

त्या काळात आमच्या वयाच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, यामाहा आर.एक्स. हंड्रेड. गावात एकाकडं होती. ती गेली की आवाज मागं बराच वेळ राहायचा. माझ्याकडं सायकल होती, तीही वडिलांची. त्यामुळं त्या टीव्हीवरची लाल मोटारसायकल हीच माझी मोटारसायकल. हे आज सांगायला काही वाटत नाही.

आता खेळ कसा होता ते सांगतो.

रस्त्याला चार पट्ट्या. वर-खाली करून पट्टी बदलायची. मध्ये उंचवटे, लहान-मोठे. चिखल आला की गाडी मंदावते, कडेच्या गवतात गेली तरी मंदावते. उंचवट्यावरून उडी जाते तेव्हा डावं बटण दाबून पुढचं चाक उचलायचं, उजवं दाबून खाली घ्यायचं. जमिनीवर येताना गाडीचा कल उताराशी जुळला तर पळते, नाही जुळला तर गडी गोलांट्या खात पडतो. पडला की बटणं भराभरा दाबायची, म्हणजे तो उठून लवकर गाडीकडं पळतो. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लागलं तर आपण पडतो. मागच्याचं पुढचं चाक आपल्या मागच्या चाकाला लागलं तर तो पडतो.

आणि वेगाला दोन बटणं. ए आणि बी. ए म्हणजे साधी चाल. बी म्हणजे टर्बो, सुसाट. पडद्याच्या खाली एक पट्टी असते, तिच्यावर टेंप लिहिलेलं. इंजिन किती तापलं ते ती दाखवते. ए धरून चालवली तर गाडी तापून बंद पडत नाही. बी धरून ठेवला की पट्टी चढत जाते. भरली, की गाडी उभी. आपण नुसतं बघत बसायचं. बाकीच्या गाड्या शेजारनं निघून जातात. इंजिन थंड झालं की मग परत सुरुवात.

रस्त्यावर मध्ये मध्ये बाण काढलेले असतात. त्या बाणावरून गाडी गेली की पट्टी एकदम खाली येते. म्हणजे कसबी खेळणारा काय करतो? पुढचा बाण कुठं आहे ते ध्यानात ठेवतो, तिथपर्यंत बी किती वापरता येईल याचा हिशेब करतो, पट्टी फार चढली तर ए वर येतो, बाणावर थंड होतो, परत बी.

आम्ही काय करायचो? बी दाबायचो आणि धरून ठेवायचो. ए दाबणारा तो भित्रा. पार्लरमध्ये तसं बोलायचेच, "काय म्हातारा हाय काय, बी दाब की." पट्टीकडं बघायचंच नाही. गाडी तापून उभी राहिली की यंत्राला शिव्या द्यायच्या. त्या हंगामात मी दोन रुपये, दोन रुपये करत किती घालवले त्याची मोजदाद नाही, पण पहिले दोन ट्रॅक सोडून पुढं कधी नीट गेलो नाही.

आणखी एक गोष्ट त्या गेममध्ये होती. आपला आपण रस्ता तयार करता यायचा. उंचवटे, चिखल, बाण एकेक निवडून मांडायचे आणि मग त्याच्यावर गाडी पळवायची. मी आमच्या गावापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता मांडला होता. ओढ्याचा उतार, फुटलेली मोरी, फाट्यावरचा चिखल, सगळं. पोरं हसून लोळली. पडद्यावर सेव्ह आणि लोड अशी दोन नावं दिसायची. दाबलं तरी काही व्हायचं नाही. पुढं कळलं की त्याला कॅसेटवर साठवणारं एक वेगळं यंत्र लागायचं आणि ते फक्त जपानात विकलं गेलं. अमेरिकेतल्या पोरांचीही सेव्ह दाबून तीच गत. आमचा रस्ता लाईट गेली तसा गेला. मी परत मांडला नाही.

पुढं लग्न झालं, वाटणी झाली, पार्लर बंद पडून तिथं खताचं दुकान झालं. गेम विसरून गेलो.

यंदा दिवाळीला भाचा पुण्याहून आला. येताना एक डबी घेऊन आला, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. टीव्हीला जोडली, दोन रिमोट, आणि यादीत शेकडो जुने गेम. मी चष्मा लावून यादी बघत होतो आणि ते नाव दिसलं. भाचा म्हणाला, "मामा, हा तर अगदीच साधा आहे." म्हणलं, लाव.

तो सुरुवातीचा आवाज ऐकला आणि थंडीतलं यार्ड आठवलं. उसाच्या रसाचा आंबूस वास, ट्रॉलीच्या चाकाखाली लावलेले दगड, रांगेतल्या गड्यांच्या शेकोट्या. सगळा गेम २४ केबीचा आहे म्हणे. व्हॉट्सअपवर आपण शेताचा एक फोटो टाकतो तो याच्यापेक्षा मोठा असतो.

पहिल्याच डावाला माझा अंगठा आपोआप बी वर गेला आणि तिथंच राहिला. तीस वर्षांत अंगठा काही शिकला नव्हता. पट्टी भरली, गाडी उभी. परत तेच. भाचा हसला. माझा थोरला, चोवीस वर्षांचा, बीएस्सी ॲग्री करून यंदाच घरी आलेला, तोही हसला. म्हणाला, "आण्णा, खाली पट्टी आहे, दिसत नाही का?"

रात्री सगळे झोपल्यावर मी एकटा बसलो. बी ला हातच लावायचा नाही असं ठरवून नुसत्या ए वर एक डाव खेळलो. गाडी एकदाही उभी राहिली नाही. पण वेळ जास्त लागला, नंबर आला नाही. म्हणजे नुसत्या ए वरही भागत नाही. मग बाण ध्यानात ठेवून, थोडा बी, थोडा ए असं चालवलं. तिसऱ्या रात्री तिसरा ट्रॅक पार झाला. बायको आतनं म्हणाली, "अहो, लाईट बिल कोण भरणार?"

तीन रात्री खेळल्यावर दोन गोष्टी दिसल्या, ज्या बावीसाव्या वर्षी दिसल्या नव्हत्या.

पहिली, पुढं जायला पहिला नंबर लागत नाही. तिसऱ्या नंबरची वेळ पडद्यावर लिहिलेली असते. तेवढ्यात पोचला की पुढचा ट्रॅक मिळतो. आम्ही उगाच पहिल्यासाठी मरायचो.

दुसरी, शेजारनं पळणाऱ्या ज्या गाड्या असतात, त्यांच्याशी शर्यत नसतेच. नंबर ठरतो तो आपल्या वेळेवर. त्या गाड्या फक्त वाटेत येतात. त्यांच्या मागं लागलं तर चाकाला चाक लागून पडायला होतं, एवढंच.

आता जमिनीवर येतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. काळी, खोल जमीन. नदीवरनं पाणीपुरवठ्याची स्कीम झाली आणि बारमाही पाणी आलं. पाणीपट्टी एकरावर. कमी पाजलं तरी तेवढीच, जास्त पाजलं तरी तेवढीच. मग कमी कोण पाजणार? पाळी आली की सरीतनं पाणी पलीकडच्या बांधाला लागेपर्यंत सोडायचं आणि घरी येऊन झोपायचं. सकाळी ओढ्यात पाणी पडलेलं असायचं. खताचंही तसंच. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. म्हणजे एकरी १६० किलो. सगळं युरियातनं द्यायचं म्हणलं तरी ५० किलोची सात पोती. मी अकरा-बारा टाकायचो. शेजारच्यानं बारा टाकली की मी तेरा. का? तर त्याचा ऊस माझ्यापेक्षा काळाभोर दिसायला लागला.

ओढ्याकडची माझी तीस गुंठ्यांची पट्टी होती. तिनं पहिली काही वर्षं असा ऊस दिला की कारखान्याच्या चिटबॉयनं विचारावं, काय टाकता म्हणून. मी बी दाबून धरला होता आणि गाडी सुसाट होती. मग उतारा घटायला लागला. मी म्हणलं, बियाणं खराब. बियाणं बदललं. मग म्हणलं, खत भेसळीचं. अजून खत टाकलं. खोडव्याला मधनं मधनं टकलं पडायला लागली. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटायला लागलं. एका वर्षी लागण केली आणि निम्मे डोळे उगवलेच नाहीत. माती तपासून आणली. सामू साडेआठच्या वर, क्षार जास्त, आणि चुनखडीची जमीन. फावड्यानं दोन फूट खणलं तर खड्ड्यात पाणी भरलं. जमीन क्षारपड झाली होती. पट्टी भरली होती आणि गाडी उभी राहिली होती.

सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे नवीन नाही. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानं अशी जमीन किती आहे ते रस्त्यावरून जाताना दिसतं. बाभळी आणि पाणकणीस वाढलेलं रान दिसलं की समजायचं, इथं एकेकाळी सगळ्यात जास्त ऊस होता.

त्या तीस गुंठ्यात मी जिप्सम टाकलं, धैंचा गाडला, चर काढला. नुसत्या जिप्समनं काही होत नाही, विरघळलेले क्षार खाली वाहून जायला वाट लागते. जमिनीखालनं सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचा तर पाणी काढून द्यायला ओढा पाहिजे, आणि ओढ्यापर्यंत जायला मधल्या दोन शेजाऱ्यांची संमती पाहिजे. ती मिळवण्यात चार वर्षं गेली. गेल्या वर्षी त्या पट्टीत गहू केला. ऊस अजून धरवत नाही. गेममध्ये इंजिन काही सेकंदात थंड होतं. माझ्या जमिनीला बारा वर्षं झाली.

तर दिवाळीनंतर काय झालं ते ऐका. वरच्या दोन एकरात पूर्वहंगामी लागण करायची होती. थोरल्यानं वहीत सगळं वेळापत्रक लिहून आणलं. कुठल्या दिवशी कुठली आळवणी, कुठली फवारणी, कुठलं खत. त्याच्या मोबाईलवर गट आहे, एकरी शंभर टनवाल्यांचा. त्यात रोज फोटो येतात. पेर मोजलेले, कांडी मोजलेली, ऊस हातात धरून उभे असलेले. त्याचा खर्च मी मांडला तर एकरी नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट. म्हणलं, "बाबा, सगळा बी च आहे की ह्यात."

त्याला कळलं नाही. मग कळलं. आणि चिडला. म्हणाला, "आण्णा, तुमची पट्टी गेली म्हणून मी भिऊन शेती करायची का? तुम्ही ए वर चालवून तिसरा नंबर घ्या, मला नको." दोन दिवस घरात बोलणं बंद. त्याची आई मधल्या मध्ये.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानंच विषय काढला. म्हणाला, "गेममध्ये खाली पट्टी दिसते. शेतात कुठं दिसते सांगा. दिसली तर मी सोडतो बटण."

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात. पोरगं बरोबर बोललं होतं. मी बारा पोती टाकत होतो तेव्हा मला कुणी पट्टी दाखवली नव्हती, आणि मीही बघायला गेलो नव्हतो. जमिनीवर मीठ फुटलं तेव्हा दिसलं. तोवर गाडी उभी राहिलेली होती.

मग आम्ही दोघांनी पट्टी लावली. साधी गोष्ट आहे, कुणालाही जमेल. दोन इंची पीव्हीसी पाईप, सहा-सात फूट लांब. खालच्या निम्म्या भागाला बारीक भोकं पाडली, त्यावर नारळाचा काथ्या गुंडाळला म्हणजे गाळ आत येत नाही. खालचं तोंड बंद केलं. पहारीनं आणि हातगिरमिटानं खड्डा घेऊन पाईप उभा पुरला, भोवती थोडी वाळू सोडली, वर टोपण. पावसाचं आणि पाटाचं पाणी वरनं आत जाऊ नये म्हणून तोंडाशी माती दाबून घेतली. दोन एकरात असे तीन पाईप लावले. वरच्या बांधाला एक, मध्ये एक, ओढ्याच्या बाजूला एक. आठवड्यातनं एकदा दोरीला वजन बांधून आत सोडायची आणि जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं. उसाच्या मुळाला तीन फुटांच्या आत पाणी सारखं राहायला लागलं की ती धोक्याची खूण. आणि खाली क्षाराचं पाणी असेल तर ते केशाकर्षणानं वर येतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं.

पहिलं मोजमाप नोव्हेंबरात. वरच्या बांधाला पाच फूट. मध्ये चार फूट दोन इंच. ओढ्याच्या बाजूला दोन फूट नऊ इंच. हे आकडे बघून पोरगा गप्प झाला, आणि खरं सांगायचं तर मीही. मला वाटत होतं वरचं रान बिनघोर आहे.

पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी परत मोजलं. ओढ्याच्या बाजूचं पावणेदोन फुटांवर आलेलं. परत खाली जायला बारा दिवस लागले. आमची पाळी दहा दिवसांची. म्हणजे गाडी थंड व्हायच्या आधीच आम्ही परत बी दाबत होतो, दर पाळीला.

त्यावर काय केलं? ओढ्याकडच्या सऱ्यांना एक पाळी सोडून एक पाळी पाणी द्यायला लागलो. पाणी पाऊण सरीत गेलं की दारं मोडायचं, बाकीचं आपोआप पुढं जातं. पोराच्या वेळापत्रकातली काही आळवणी त्यानं स्वतःच खोडली, काही ठेवली. मी बारकाईनं विचारलं नाही. नत्र मात्र शिफारशीइतकंच, माती तपासणी बघून, आणि हप्त्यानं. एक एकर त्याच्या पद्धतीनं, एक एकर माझ्या पद्धतीनं, पण पाईप दोन्हीकडं, आणि पाईपचा आकडा दोघांनी मानायचा असं ठरलं. ठिबकचं बघतोय, पैसे जमले की.

आज सकाळी मोजून आलो. ओढ्याच्या बाजूला तीन फूट चार इंच. उतारा किती येतो ते पुढच्या गाळपाला कळेल. उतारा येईल का घटेल, मी आत्ता काही सांगत नाही. पण निदान पट्टी कुठं आहे ते रोज माहिती आहे.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं लिहिलं.

शंभर टनाला माझा विरोध नाही. ज्यांनी काढले त्यांनी कष्ट केलेत, त्यांच्याकडं अभ्यास आहे. माझं म्हणणं आहे ते त्यांचं बघून बी दाबणाऱ्या आम्हा बाकीच्यांबद्दल. त्यांच्या रानात निचरा कसा आहे, माती कसली आहे, पाणी किती खोल आहे, ते फोटोत दिसत नाही. फोटोत ऊस दिसतो. आपण ऊस बघून पोती टाकतो. मी टाकली, तीस गुंठे घालवले.

दुसरं, कृषी खात्यातली, कारखान्याच्या ऊस विकासातली, खत कंपन्यांतली जी शिकलेली मंडळी हे पान वाचतात त्यांना हात जोडून सांगतो. मेळावा भरला की तुम्ही आम्हाला डोस सांगता, खताचा, औषधाचा, संजीवकाचा. तो सांगाच. पण त्याबरोबर पट्टी कुठं बघायची तेही सांगा. मेळाव्यात एकदा पाईप पुरून दाखवा. माती तपासणीचा कागद हातात देताना त्यावरचा क्षारतेचा आकडा म्हणजे काय, तो गेल्या वेळेपेक्षा चढला का उतरला, हे दोन मिनिटं बसून सांगा. आमच्यातल्या किती जणांच्या घरी तो कागद घडी न मोडता कपाटात पडलाय ते विचारा एकदा.

आणि जास्त उतारा काढणाऱ्याचा सत्कार होतो, व्हायला पाहिजे. पण वीस वर्षं ऊस घेऊन ज्याची जमीन होती तशी राहिली, त्याच्या गळ्यात कुणी हार घातलेला मी बघितला नाही. आमच्या गावात असे दोघं-तिघं आहेत. त्यांचा उतारा पंचावन्न-साठ. दरवर्षी तेवढाच. मध्ये हरभरा, सोयाबीन, ताग काहीतरी घेतात, पाचट जाळत नाहीत. त्यांना आम्ही म्हातारे म्हणायचो. ए वर चालवणारे. आज माझ्या ओढ्याकडच्या पट्टीत गहू आहे आणि त्यांच्या रानात ऊस आहे.

हरभरा, ताग, पाचट, हे त्या रस्त्यावरचे बाण आहेत. थांबायला लागत नाही, नुसतं त्यांच्यावरून जायला लागतं. पण पट्टी बदलून तिथं जायला लागतं, समोर आपोआप येत नाहीत. आणि नुसता ए ही नको, ते मी दिवाळीच्या रात्रीच शिकलोय. ज्याला कर्ज फेडायचंय, पोरीचं लग्न करायचंय, त्याला कधीतरी बी दाबावाच लागतो. दाबा. पण डोळा पट्टीवर ठेवून.

पोरांनी गेम खेळला की आपण ओरडतो. मीही ओरडायचो. आता ओरडताना थोडं थांबतो. मला तीस वर्षांपूर्वी दोन रुपयाला अर्धा तास जे समोर दिसत होतं, तेच पुढं माझ्या रानात झालं. खेळणं चुकलं नव्हतं, पडद्याच्या खालच्या बाजूला बघायचं राहिलं होतं.

भाचा डबी इथंच ठेवून गेलाय. परवा थोरला आणि मी खेळलो, आळीपाळीनं. तो चौथ्या ट्रॅकवर गेला, मी तिसऱ्यावरच. मग मी त्याला रस्ता तयार करायचं दाखवलं आणि तोच जुना रस्ता परत मांडला, ओढ्याचा उतार, मोरी, फाट्यावरचा चिखल. मोरी आता नवीन झालीय, पण मी जुनीच ठेवली. सेव्ह अजूनही होत नाही. त्यानं मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

तुमच्या रानात पाणी किती फुटांवर आहे, कुणी मोजलंय का? मोजलं असेल तर आकडा आणि जमीन कसली आहे ते लिहा. नसेल तर येत्या पाळीच्या आधी एक पाईप पुरा. पाईपला आमचा खर्च एका युरियाच्या पोत्याच्या आसपास आला.

राम राम.